मोहरीचा ठसका

नाक-कान-घशाच्या दवाखान्यात कमी ऐकू येतं म्हणून आलेल्या हेडमास्तरांना मागच्या बाकावरच्या म्हाताऱ्या जोडप्याचं बोलणं स्वच्छ ऐकू येत होतं.

"डॉक्टरांना काय सांगणार आहात?"

"तापात चव गेली होती, आता परत येतेय, असं."

"कशावरून येतेय?"

"तुझ्या सॉसवरून. आधी मोहरीचा ठसका बसतो, मग मागून मध लागतो. कालचा तर झकास जमला होता."

"मोहरी रात्रभर व्हिनेगरमध्ये भिजवून वाटली. वर चमचाभर लाल तिखट."

"आणि मधही कसा बेताचा. एरवी तुझा हात सढळ."

"मध घातलाच नव्हता."

हेडमास्तरांनी मान किंचित मागे कलवली.

"बरणी सोमवारीच संपली. मी मुद्दाम आणला नाही."

"म्हणजे परीक्षा घेत होतीस माझी?"

"मी चाखून पाहिला. कडूजहर. आणि तुम्ही वाटी पावाने पुसून खाल्लीत."

"ठसका खरंच बसतो गं. डोळ्यांत पाणी येतं, तेवढं खोटं नाही."

"आणि बाकीचं?"

"तू ताटापाशी उभी राहून माझ्या तोंडाकडे बघत असतेस. माती लागते म्हणून सांगू?"

"तीन महिने?"

"तू तीन महिने मोहरी वाटतेस, त्याचं काय?"

कंपाउंडरने नंबर पुकारला.

"चला, आपलाच आहे. आत खरं सांगायचं. कशाचीच चव लागत नाही म्हणायचं."

"आणि घरी?"

"घरी झकासच म्हणायचं. जाताना मध घेऊ."