मागच्या दाराची साखळी

सन्माननीय अध्यक्ष महोदय, व्यासपीठावरचे संचालक आणि मान्यवर पाहुणे, आज ज्यांच्यासाठी हे सभागृह भरलं आहे ते आमच्या आपत्कालीन पथकाचे प्रमुख, त्यांच्या पत्नी, आणि कामाच्या कपड्यांतच धावत आलेल्या माझ्या मित्रमैत्रिणींनो,

साहेबांचं खरं नाव निमंत्रणपत्रिकेवर आहेच. आम्ही मात्र त्यांना ‘भोंगा’ म्हणतो. त्यांच्या तोंडावर आज पहिल्यांदाच म्हणतोय. आज ते निवृत्त होताहेत, उद्यापासून माझे साहेब नाहीत, म्हणून एवढी हिंमत.

आधीच्या वक्त्यांनी त्यांच्या शांत स्वभावाचं कौतुक केलं. माझी थोडी अडचण आहे, कारण या शांत माणसाने माझा जबडा मोडला आहे. बोलताना माझे काही शब्द तिरके पडले, तर त्याचा जाब सत्कारमूर्तींना विचारावा.

नव्या मंडळींना हे ठाऊक नसेल, म्हणून सांगतो. गॅसच्या मोठ्या गोल टाकीखाली नळाचा जोड फुटला आणि भर दुपारी आग लागली. ज्वाळा थेट टाकीच्या पोटाला चाटत होत्या. आम्ही पाण्याचा मारा करत होतो. ते पाणी येत होतं शेजारच्या पंपघरातून, आणि पंपावर होता माझा सख्खा थोरला भाऊ. पंप आपोआप चालेना, म्हणून दादा त्याचा दांडा हाताने दाबून उभा होता.

आग पसरली आणि पंपघराचं पुढचं दार ज्वाळांत गेलं. तेवढ्यात टाकीच्या माथ्यावरच्या झडपेची किंकाळी बदलली. ज्यांनी ती ऐकली आहे त्यांना सांगायला नको. टाकी फुटणार होती. भोंगासाहेबांनी सगळ्यांना मागे फिरायला सांगितलं.

त्याच वेळी वॉकीटॉकीवर दादाचा आवाज आला. “साहेब, मागचं दार उघडत नाहीये. कोणी येताय का?”

मागचं दार बरोबर टाकीखाली होतं. साहेबांनी टाकीकडे पाहिलं. मग म्हणाले, “नाही. कोणी येत नाही. खाली पडून राहा.”

दादा म्हणाला, “बरं. पंप चालू ठेवतो.”

मी धावत सुटलो. साहेबांनी मला गाठलं, स्वतःचं शिरस्त्राण काढलं आणि पूर्ण ताकदीने माझ्या तोंडावर हाणलं. हाड मोडल्याचा आवाज मलाच ऐकू आला. मी त्यांच्या हाताला कडकडून चावलो, पोटात लाथा घातल्या. त्यांनी मला काँक्रीटच्या भिंतीआड फरफटत नेलं आणि माझ्या छातीवर बसले. मी त्यांच्या आईवरून काय काय बोललो, ते या सभेत सांगता येणार नाही. आणि टाकी फुटली.

आवाज आलाच नाही, नुसता धक्का. अंगावर कोणी भट्टीचं तोंड उघडावं तसं झालं. आगीचा बंब खेळण्यासारखा कलंडला. टाकीचा एक पत्रा भिंतीवरून भिरभिरत गेला आणि कार्यालयाच्या जिन्यात घुसला. साहेबांच्या पाठीवरचा कोट पेटला होता, तरी ते माझ्यावरून उठले नाहीत. पथकातले आम्ही सगळे त्या दिवशी जिवंत राहिलो. पंपघर राहिलं नाही. दादा सापडला तो दाराजवळ नाही, पंपाजवळ.

घरी कंपनीचे अधिकारी आले. त्यांनी वहिनींना सांगितलं, सगळं क्षणात झालं, त्यांना काही कळलंसुद्धा नाही. मागे साहेब उभे होते, दोन्ही हात पट्ट्यांत. ते म्हणाले, हे खोटं आहे. तो बोलत होता. त्याने येताय का विचारलं, मी नाही म्हणालो.

वहिनींच्या हातात काचेचा जग होता. तो त्यांनी साहेबांच्या कपाळावर फोडला. रक्त डोळ्यांत ओघळलं, तरी माणूस हलला नाही. मग वहिनींनी विचारलं, “दार का उघडलं नाही?”

“बाहेरून साखळी होती. भंगारवाले पितळी तोट्या चोरायचे, म्हणून घातली. परवानगी मी दिली होती.”



चौकशीतही ते हेच बोलले. तुमच्या साक्षीने कंपनी गोत्यात येईल, असं वकिलांनी त्यांना परोपरीने सांगून पाहिलं. त्यांना काही काळ पदावरून उतरवलं गेलं आणि त्यांनी राजीनामा लिहून ठेवला. तो पोचवायला निघालेल्या साहेबांना वहिनींनी कारखान्याच्या फाटकावर अडवलं. मी बाजूलाच होतो, जबडा तारांनी बांधलेला, त्यामुळे नाइलाजाने फक्त ऐकत होतो. वहिनी म्हणाल्या, “मी तुम्हाला माफ करणार नाही. पण नोकरी सोडू नका. बाकीच्या साखळ्या कोण तोडणार?”

पुढची वर्षं तुम्ही पाहिलीच आहेत. हातात साखळ्या तोडायची मोठी कातर घेऊन हा माणूस कारखानाभर हिंडला. ज्या दाराला कुलूप दिसलं, ते तोडलं. उपाहारगृहाचं कोठार फोडलं, तेव्हा आचारी अंगावर धावून गेला. एका संचालकांच्या खासगी जिन्याचं कुलूपही गेलं. ते संचालक आज व्यासपीठावर आहेत आणि हसत आहेत, त्याअर्थी मिटलं असावं.

वहिनी समोर बसल्या आहेत. हे सगळं बोलू का, असं मी त्यांना सकाळी विचारलं. त्या म्हणाल्या, बोल, पण त्यांना देव करू नकोस. केलेलं नाही. माफ केलंत का, हेही विचारलं. नाही म्हणाल्या. आणि त्यांनी या व्यासपीठासाठी एक प्रश्न दिला आहे. या सभागृहात शिरताना त्यांनी तुम्हा सगळ्यांच्या पाठीमागचं ते दार ढकलून पाहिलं. ते उघडत नाही. ते कोण उघडणार?

मी खाली बसण्याआधी कोणीतरी उठावं, एवढीच विनंती. आपण ऐकून घेतलंत, आभारी आहे. तिरक्या तोंडून काही वावगं गेलं असेल, तर पोटात घालावं.