भुंग्यावर लावलेली मिशी

अठ्ठ्याण्णव सालचा जानेवारी, संक्रांतीच्या आधीचा रविवार. भोपाळला कारखान्याच्या वसाहतीत आमच्या क्वार्टरमागे गाजरगवत माजलं होतं. त्याने बायकोचे हात खाजून लाल व्हायचे. म्हणून शेजारच्या कित्तूरकरांनी पावसाळ्यात बेळगावहून ते गवत खाणारे भुंगे डबाभर आणून सोडले. त्यांनी निम्मं गवत फस्त केलं, पण दिवाळीनंतर एकही दिसेना.

मी म्हटलं, "कित्तूरकर, मेले तुमचे पाहुणे."

"मेले नाहीत, झोपलेत."

"बेळगावात झोपत होते?"

"इतके नाही. भोपाळ नकाशात वर आहे. इथे थंडीत दिवस जास्त लहान होतो, ते किड्याला कळतं. खाणं सोडून जमिनीत शिरतो."

"एक जरी जिता निघाला तर मिशी उतरवीन!"

बायको दारातून म्हणाली, "अहो, जपून बोला. तिच्याशिवाय तुम्हाला मी कधी पाहिलं नाही."

कित्तूरकरांनी गवताच्या मुळाशी खुरपं घातलं. ढेकळातून एक भुंगा निघाला, पाय पोटाशी घेतलेला, खड्यासारखा कडक. त्यांनी तो माझ्या तळहातावर ठेवला.

"हे तर मढं आहे," मी म्हटलं.

"उन्हात धरा."

चहा होईपर्यंत धरला. मग मढ्याने एक पाय ताणला. मग दुसरा. आणि माझ्या मनगटाकडे चालू लागलं. माझ्या दुसऱ्या हातातली चहाची कपबशी खाली पडून फुटली.

बायको म्हणाली, "म्हणजे पावसाळ्यात हे पुन्हा गवत खाणार!"

दुपारी गोविंदपुऱ्यात न्हाव्याकडे गेलो आणि मिशी उतरवली.