दोन चिरांचा पाव

फीच्या खिडकीपुढची रांग मुंगीच्या पावलांनी सरकत होती. मुलाची फी भरायला आलेल्या सुताराचे कान पुढच्या दोघी मैत्रिणींकडे लागले होते.

"घरून काहीच नाही?"

"बाबांनी हात वर केले. शिकायचंय तर स्वतःच्या हिमतीवर शीक, म्हणाले. म्हणून पहाटे बेकरीत पाव भाजते. ही फी त्यातलीच."

"बोलतात तरी?"

"अबोला आहे. पण हल्ली पाव न्यायला तेच येतात."

"तुझ्याकडून?"

"छे, मालकाकडून. आम्ही प्रत्येक जण पावावर आपापली चीर पाडतो, करपला तर कुणाचा ते कळावं म्हणून. माझ्या दोन. आईला सांगितलं होतं."

"मग?"

"बाबा दोन चिरांचाच मागतात."

"आणि करपला असला तर?"

"परवा करपलाच होता. मालक बदलून देत होता. बाबा म्हणाले, राहू द्या, हाच हवाय."