नांदगावच्या रस्त्याची खुर्ची

...नाही, पण मी म्हणतो, जीपची सीट तपासायला अख्खा रस्ता कारखान्यात आणायची गरजच काय हो? पण अठ्ठ्याण्णव साली अंबडच्या आमच्या सीटच्या कारखान्यात आणला! म्हणजे कसं, तुम्हाला सांगतो, ड्रायव्हर केरूनं मनमाड ते नांदगाव जीप पळवली, शेजारी धक्के नोंदवणारी पेटी, मागं साहेब घोरताहेत... आणि तीन आठवड्यांनी आमच्या इंजिनियर छाया मॅडमनी त्या धक्क्यांचे आकडे कॉम्प्युटरवरून तारेनं सिग्नल जनरेटरला धाडले. तो आकड्यांचे पुन्हा धक्के करणार, टेबल हादरणार, टेबलावर सीट, आणि सीटवर वजनाला कोण? केरूच!

केरू खुशीत! डोळे मिटून सांगतोय, "हा पुलाचा सांधा बरं का मॅडम... हे रेल्वे फाटक... आता बाभळीचं वळण..." आणि बरोबर तिथंच खुर्ची गप्प!

मॅडमनी पुन्हा आकडे पाठवले. पूल, फाटक, बाभळी... तिथंच गप्प! तार बदलली, मशीन बंद करून चालू केलं, कुणीतरी नारळसुद्धा फोडला... तिथंच गप्प! आणि इकडे केरूचा चेहरा? राखेसारखा! "ऱ्हाऊ द्या ना मॅडम, त्याला पुढं जायचं नाय. त्याला समदं ठाऊक हाय." आता मशीनला काय ठाऊक असणार, सांगा! पण केरू जेवेना, झोपेना, जीपच्या चाकांकडे बघेना.

चौथ्या दिवशी मॅडमना सापडलं. सपाट रस्ता म्हणजे एकशे अठ्ठावीसच्या आसपासचा आकडा, चाक खाली आदळलं की आकडाही खाली. साऱ्या रस्त्यात एकच धक्का पार दहापर्यंत उतरलेला, आणि मशीनच्या लेखी दहा म्हणजे 'निरोप संपला'! मग मॅडमनी मशीनला आधीच बजावलं, इतके आकडे येताहेत, मोजून घे, मध्ये थांबू नकोस. "बसा केरूमामा."

पूल... फाटक... बाभळी... धाड्!

केरू असा ओरडला म्हणता! उतरून जमिनीवरच बसला. "शेळी व्हती, मॅडम. चाकाखाली आली, गाडी खड्ड्यात आदळली. सायेब म्हणले, काय झालं रे? मी म्हणलो, खड्डा हाय. आन् दामटली पुढं... आरशात एक म्हातारी पळत येताना दिसली. रोज दिसती."

रविवारी केरू एसटीनं गेला. त्या वळणावरच त्या म्हातारीची, चिमणाबाईची झोपडी. केरूनं पाय धरले. म्हातारी रागावली नाही, रडली नाही... आत गेली आणि एक करडू आणून त्याच्या हातात दिलं. "मला म्हातारीला बाटलीनं दूध पाजवत नाय बाबा. आय तू नेलीस, लेकरू तूच वाढव."

आता बोला! अंबडला एक खोली, त्यात बायको, दोन पोरी आणि करडू. वेळ नाही, काळ नाही, नुसतं बें बें! शेजारी भांडतात, बायको कपाळ बडवते... आणि केरू? बाटली धरून म्हणतो, "वरड बाये, वरड. तुझा हक्क हाय."