घंटेची पसंती

जिथे रस्त्यावरचे दिवेही गाण्यावर पेटायचे, त्या शहरातल्या नामांकित संगीतशाळेत एक जादूची घंटा होती. खरा सूर लागला की ती आपणहून वाजायची. वाजली तरच प्रवेश. गेल्या सहा वर्षांत ती कुणासाठीच वाजली नव्हती. तिची कमान रंगवायला शिडीवर चढलेल्या म्हाताऱ्या रंगाऱ्याच्या कानावर खालच्या रांगेतलं बोलणं आलं.

“आई, ही शेवटची संधी. पुढच्या वर्षी वय उलटेल.”

“मग गा की मोकळेपणी. तीनदा नापास झालीस, आता लाज कसली?”

“छान धीर देतेस गं!”

“प्राचार्य म्हणतात, हल्लीच्या मुलांत दमच नाही.”

“सहा वर्षांत एकाही मुलात नाही?”

“त्यावर त्यांनी ग्रंथ लिहिलाय गं. दोन खंडांत.”

रंगाऱ्याने घंटेत डोकावून पाहिलं. सहा वर्षांपूर्वी रंग देताना आवाज नको म्हणून त्यानेच लोलकाला बांधलेली चिंधी तशीच होती. त्याने ती हळूच सोडून खिशात घातली.

रांगेतला पुढचा मुलगा गायला. घंटा गप्प.

“पाहिलंत? दम नाही!” प्राचार्य म्हणाले. “पुढची!”

आईचा हात सोडून त्या मुलीने सूर लावला. घंटा अशी दणाणली की प्राचार्यांचा चष्मा नाकावरून घसरला.

“आई, वाजली!”

“ऐकलं गं! अख्ख्या शहराने ऐकलं!”

“साहेब,” शिडीवरून रंगारी म्हणाला, “सहा वर्षांतल्या सगळ्या पोरांना परत बोलवा.”

“का म्हणून?”

“घंटेचा घसा आत्ताच मोकळा झालाय.”