दुभाष्याशिवाय

नाही नाही, उठू नका, चहा घ्या — तुमच्यावर कशाला रागवू? तुम्ही कॉम्प्युटरवाले, धाडलं तिथे आलात. माझं भांडण दिराशी. त्याच्या लॅबमधले सगळे कॉम्प्युटर बदलले म्हणे, नव्या प्रोसेसरचे आणले, आणि रक्ताचे रिपोर्ट काढणारा प्रोग्राम त्यांच्यावर रांगतोय — पेशंट बाकावर ताटकळलेत — तेव्हा आठवली वहिनी! नऊ वर्षं नाही आठवली ती. अहो, तो प्रोग्राम मी लिहिलाय. ह्याच टेबलावर, एका हाताने धाकटीला थोपटत. स्क्रिप्टची एकेक ओळ माझी. आणि नव्या जागेच्या उद्घाटनाला हा माइक घेऊन काय म्हणाला, ठाऊक आहे? "प्रोग्राम मीच बसवला, वहिनींनी टायपिंगला मदत केली." टायपिंग! लोकांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या हो — लाज वाटते सांगायला. घरी येऊन देवापुढे हात जोडले नि शब्द दिला, की हा माणूस ह्या दारात येऊन "वहिनी, चुकलो" म्हणेपर्यंत त्या प्रोग्रामला बोट लावणार नाही. रोज मागते — त्याचं वाईट कर असं नाही हं, पाप लागेल — फक्त अडू दे मेल्याचं, एवढंच. आणि बघा, अडलं!

काय म्हणालात? सगळा नव्याने लिहावा लागेल? कोण म्हणतं? स्क्रिप्ट म्हणजे नुसता मजकूर, तिला कसला आलाय प्रोसेसर — जुनं आहे ते तिला चालवणारं इंजिन. ते बोलतं जुन्या प्रोसेसरची भाषा, नव्याला ती कळत नाही, म्हणून मधे दुभाष्या बसतो नि एकेक वाक्य उलगडून सांगतो. रांगेल नाही तर काय! तेच इंजिन नव्या प्रोसेसरसाठी बनवलेलं मिळतं, ते घ्यायचं, स्क्रिप्ट त्यात ठेवायची. ठेवलीत? आणि उघडताक्षणी प्रोग्राम मिटला? मिटणारच! प्रिंटरशी बोलणारा जोडलेला तुकडा जुनाच ठेवलात ना? नवं इंजिन त्याला उंबरा ओलांडू देत नाही. तो काढायचा, रिपोर्टची पीडीएफ करायची आणि ती छापायला धाडायची — बारा ओळींचं काम. मी करून बघितलंय, ह्यांच्या नव्या लॅपटॉपवर — म्हणजे — शब्द लॅबमधल्या प्रोग्रामचा होता, घरच्या प्रतीचा नव्हे, नाही का? पापणी लवायच्या आत रिपोर्ट येतो! येऊ तर दे त्याला. ह्या पायपुसण्यावर उभा करीन, पाणीसुद्धा विचारणार नाही, सगळं बोलून घेईन आणि मगच —

तुम्ही लिहून काय घेताय?

द्या इकडे तो कागद. द्या म्हणते ना! शी, ही माझी जीभ — नऊ वर्षं दातांखाली धरली, आणि आज एका कप चहात... हे काय? तिसरी ओळ चुकलीय. तुकडा आधी काढून कसं चालेल? स्क्रिप्टमध्ये त्याला हाक मारणारी ओळ आहे, ती आधी खोडा, नाहीतर पुन्हा मिटेल, आणि बाकावरच्या लोकांनी काय घोडं मारलंय कुणाचं? लिहा. नीट लिहा. हं.

आता निघा. आणि त्याला सांगायचं, वहिनींनी दारसुद्धा उघडलं नाही. सगळं तुम्हीच शोधलंत. वाटू दे त्याला, मी अजून तशीच अडून बसलेय. — असे बघू नका माझ्याकडे. चहा राहू द्या. जा.