बोटांखालचं मैदान

सन्माननीय अध्यक्ष, संचालक महोदय, व्यासपीठावरील मान्यवर, माझे सहकारी, आणि आज निवृत्त होणाऱ्या, या सगळ्या कौतुकानं संकोचून बसलेल्या आमच्या ताई,

थोडक्यात बोल, असं मला बजावलंय. पण ज्यांनी उभी हयात चंद्रावरचे खड्डे मोजले, त्यांच्याबद्दल थोडक्यात कसं बोलायचं?

चंद्रावर वारा नाही, पाऊस नाही. पडलेला खड्डा सहजी बुजत नाही. म्हणून जिथे खड्डे दाट, ती जमीन म्हातारी. जिथे विरळ, ती तरुण. अशाच एका काळसर मैदानाचं वय काढता काढता ताईंना सगळं धूसर दिसू लागलं. वाटलं, संगणकाचा पडदा बिघडला. बिघडला होता एका डोळ्याचा.

शस्त्रक्रिया झाली, पण धुकं हटेना; ताणानं दुसराही डोळा धूसर झाला. ताई मला म्हणाल्या, "मैदान तूच पुरं कर रे. मला आता चंद्र म्हणजे नुसता पिठाचा गोळा दिसतो."

आमचे भावजी, म्हणजे ताईंचे यजमान, ते बघा, मान खाली घालून बसलेत, दातांचे साचे बनवायचे. त्यांनी मला गाठलं. "त्या मैदानाच्या उंचसखलपणाचे आकडे मिळतील?" यानानं पाठवलेली मोजमापं मी दिली. भावजींनी त्याबरहुकूम टेबलाएवढं मैदान प्लास्टरमध्ये कोरलं.

ताईंना त्यांच्या कारखान्यात नेलं, तेव्हा मी सोबत होतो. चारी बाजूंना जबडे वाळत होते. खिडकीतून तिरकं ऊन आलेलं. ताईंनी डोळे मिटले आणि झोपलेल्या बाळाच्या पाठीवरून फिरवावा तसा हात फिरवू लागल्या. खरं सांगू? मला वाटलं, आपण तिघं त्या निःशब्द जमिनीवरूनच चालतोय, आणि पायांखालची धूळसुद्धा उडत नाहीये.

मग त्या थबकल्या.

"अहो, हे सुटे सुटे नाहीत. ओळीनं आलेत. लांबट आहेत, सगळे एकाच दिशेला."

"माझं कोरणं चुकलं का?" भावजी घाबरले.

"छे! दूर कुठेतरी मोठा आघात झाला, त्याचे दगड उडून इथे पडले. एका झटक्यात झालेले खड्डे मी युगायुगांचे म्हणून मोजत बसले होते!"

"मग तुझं मैदान?"

"तरुण आहे हो!" म्हणाल्या, आणि हसता हसता रडल्या.

छायाचित्रांवर मी पुन्हा पडताळलं. ताईंचंच खरं निघालं. शोधनिबंधात त्यांनी भावजींचंही नाव घातलं. हे गृहस्थ कुठल्या संस्थेचे, अशी विचारणा आली, तर ताईंनी कळवलं, "आमच्या घरचे."

तो डोळा काही परत आला नाही. दुसरा मात्र सावरला; त्या एका डोळ्यावर त्यांनी पुढची सगळी वर्षं काम केलं, आम्हाला बघायला शिकवलं.

काल विचारलं, "ताई, उद्यापासून चंद्राचं काय?"

"तो कुठे जातोय? मी जरा उशिरा उठेन, इतकंच."

आपण सर्वांनी शांतपणे ऐकलंत, मनापासून आभार. काही कमीजास्त बोललो असेन, तर पोटात घाला. ताई, आता तुम्हीच बोला.